झोळीत काय आहे?

भाचा रविवारी सकाळी पुस्तक परत करायला आला तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात पोह्यांची पुडी होती. आमच्या इंदुरात रविवारचे पोहे घरी करण्यापेक्षा आणण्याची वस्तू आहे. वर शेव, जिरावन, डाळिंबाचे चार दाणे आणि वेगळ्या कागदात गरम जिलेबी. खाता खाता पुस्तकाचा विषय निघाला. ‘व्हील ऑफ टाइम’ या कल्पित जगातल्या इंग्रजी कादंबरीमालिकेचे जाडजूड भाग तो माझ्याकडून एकेक करून नेतो. परीक्षा असो की कोणाचं लग्न, त्याचं वाचन थांबत नाही. मी विचारलं, आवडतंय ना? म्हणाला, “मस्तच आहे मावशी. फक्त ते रंगीत गाडीवाले आले ना, की मी सरळ पानं उलटतो. काही होतच नाही गं त्यांचं. कोणी मारलं तर मार खातात आणि वरतून त्यालाच ज्ञान देऊन राहतात.” मग जिलेबीचा तुकडा मोडत, सहज, “लोक चोर म्हणतात त्यांना, तर म्हणोत. बरोबरच आहे.”

मुलगा चांगला आहे. गल्लीतल्या कुत्र्यांना हा पोळी घालतो, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची वीजबिलं भरून देतो. त्यामुळे त्याच्या बोलण्यात काही वाकडं होतं असं मला म्हणायचं नाही. पण तो गेल्यावर ते वाक्य घरात राहिलं. जो मार खातो आणि हात उगारत नाही, तोच चोर कसा, आणि ते ‘बरोबरच’ कसं? तो ज्या लोकांबद्दल बोलत होता ते तुआथाआन, ज्यांना गावातली माणसं टिंकर म्हणतात, त्यांनी त्या हजारो पानांत कोणाची सुईसुद्धा चोरलेली नाही. लेखकाने तशी सोयच ठेवलेली नाही. आणि तरी भाच्याचा निकाल लागला होता.

ज्यांनी हे भाग वाचले आहेत त्यांना ती पहिली भेट आठवत असेल. १९९० साली आलेल्या पहिल्याच भागात पेरिन नावाचा लोहाराच्या हाताखाली शिकलेला मुलगा, कमरेला कुऱ्हाड लटकवून, रानात त्यांच्या मुक्कामावर जाऊन पोचतो. डोळ्यांना बोचतील अशा रंगांच्या गाड्या, त्याहून भडक कपडे, नाच, वाद्यं, आणि जेवणात मांसाचा कण नाही. कुत्री दिसायला भयंकर, पण ती कोणाला चावत नाहीत. म्होरक्या पाहुण्याला पहिला प्रश्न विचारतो की तुम्हाला ते गाणं माहीत आहे का? कधीतरी हरवलेलं एक गाणं ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या शोधत फिरताहेत. गाणं कोणतं, कसलं, हे आता त्यांनाही नीट ठाऊक नाही. पानासारखं जगायचं असं त्यांचं व्रत आहे. पान आपल्या वाट्याचं आयुष्य जगतं, वाऱ्याशी भांडत नाही, कोणाला इजा करत नाही, आणि गळून पडल्यावर पुढच्या पानांचं खत होतं. पेरिन विचारतो, कोणी मारायलाच आलं तर? म्होरक्या म्हणतो, पळता आलं तर पळेन. घाव घालणाऱ्या कुऱ्हाडीचीही धार जातेच, असंही तो सुचवतो, आणि पेरिन कमरेची कुऱ्हाड चाचपत गप्प बसतो.

पण हे सगळं कळण्याआधी पेरिनच्या डोक्यात गावची माहिती भरलेली असते. ही माणसं भांडी दुरुस्त करून देतात, दुरुस्त केलेलं भांडं नव्याहून चांगलं होतं, हे गावाला मान्य. आणि ती चोर असतात, पोरं पळवतात, तरण्या मुलामुलींना फूस लावून आपल्यात ओढतात, हेही गावाला ठाऊक. कोणाचं पोर गेलं, कधी गेलं, हे मात्र कोणी सांगत नाही. लेखक रॉबर्ट जॉर्डन स्वतः व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर बंदूक चालवणारा सैनिक होता. अशा माणसाला शस्त्राला न शिवणारी एक जमात कल्पावीशी वाटली, यात नवल नाही. मला नवल याचं वाटतं की कल्पिलेल्या जगातही, जिथे चंद्रापासून राक्षसापर्यंत सगळं आपल्या हातचं आहे, तिथे फिरत्या माणसाबरोबर मुलं पळवण्याचा आळ त्याला सोबत न्यावासा वाटला. हा आळ खोटा आहे हे दाखवण्यासाठी नेला, हे खरं. पण त्याच्याशिवाय ती जमात वाचकाला ओळखूच आली नसती, असंही मला वाटतं. त्या गाड्या युरोपातल्या रोमा लोकांच्या, भांडी सांधण्याचं काम आयर्लंडच्या फिरस्त्यांचं, आणि आळ दोघांचाही.

आळ आमच्याकडचाही. रामबागेत आमच्या आजीच्या वाड्याला रस्त्याकडे एक लांब ओटा होता. दुपारी जेवणं झाली की तो ओटा आमचा. तिथे कधीकधी गोसावी यायचा. भगवं मळकं पागोटं, गळ्यात माळांचा गुंता, एका हातात डौर आणि खांद्याला झोळी. आधी डौराचा आवाज कोपऱ्यावरून यायचा आणि त्या आवाजासरशी आम्ही पोरं ओट्यावरून आत. कारण झोळीत काय असतं ते आम्हाला पक्कं माहीत होतं. न जेवणारी, दुपारी न झोपणारी, वाड्याबाहेर जाणारी मुलं. आजी सूपभर पीठ घेऊन बाहेर जायची, त्याच झोळीत ओतायची, त्याला पाणी द्यायची, ‘यंदा उशीर केलात’ म्हणून चौकशी करायची, भर्तरीचं किंवा गोपीचंदाचं दोन कडव्यांचं गाणं डोळे मिटून ऐकायची, आणि आत येऊन आम्हाला म्हणायची, “पाहिलंत? आज मी सांगून ठेवलंय. उद्या कोणी भात टाकला तर मी बोलायची नाही हं.”

तिला तो चोर वाटत नव्हता. तिने त्याच्यासमोर दार कधी लावलं नाही. आम्हाला घाबरवण्यापुरता तो तिला लागायचा, एवढंच. पण भीती देणाऱ्याचा हेतू भीती घेणाऱ्यापर्यंत पोचत नाही. तिच्या डोक्यातली गंमत आमच्या अंगात शहारा होऊन उतरायची. डौराचा आवाज आजही कुठे रेकॉर्डिंगमध्ये ऐकला तर मला आधी त्या ओट्याचा गार दगड आठवतो, मग झोळी, आणि गाणं सगळ्यांत शेवटी.

आमच्या शहरातून निघालेला आग्रा-मुंबई रस्ता सेंधव्याचा घाट उतरून धुळ्याला जातो. तिथून साक्रीकडे वळलं की पुढे पिंपळनेरच्या बाजूला राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८ ला, रविवारी, तिथल्या आठवडे बाजारात मंगळवेढ्याकडून आलेले पाच जण पोचले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. भिक्षा मागत फिरणं हाच त्यांचा वर्षाचा क्रम. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे फिरत होते. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला असं कोणीतरी म्हटलं. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे, त्याची चित्रफीतही फिरली. ग्रामपंचायतीच्या खोलीत पाचही माणसं मारली गेली.

मारणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांच्या आज्यांनी झोळी दाखवून जेवू घातलं असेल?

या प्रश्नाचा मला राग येतो, कारण त्यात माझी आजी येते आणि ती तिथे यायला नको. तिचा त्या खोलीशी काही संबंध नाही. मोबाइलवरची अफवा, जमाव, पोलीस पोचायला लागलेला वेळ, ही सगळी कारणं खरी आहेत. पण अफवा कुठल्याही मातीत रुजत नाही. ‘मुलं पळवणारे बँकेचे कारकून गावात फिरत आहेत’ असा निरोप आला असता तर लोक हसले असते. झोळीवाल्याबद्दल आला तेव्हा कोणी हसलं नाही, कारण ती गोष्ट सगळ्यांच्या कानावरून लहानपणीच गेलेली होती. निरोपाने नवं काही सांगितलं नाही, फक्त आठवण करून दिली.

मग मी उलट्या बाजूने शोधायला लागले. फिरत्या माणसांनी स्थिर माणसांची मुलं पळवल्याच्या गोष्टी ढिगाने आहेत. स्थिर माणसांनी फिरत्यांची पळवली का? या बाजूला गोष्टी नाहीत, कागद आहेत. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने अठराव्या शतकात रोमा मुलं आईबापांपासून काढून शेतकरी कुटुंबांत वाढवायचे हुकूम काढले. स्वित्झर्लंडमध्ये १९२६ पासून १९७३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ माझ्या जन्मापर्यंत, एक बालकल्याण संस्था येनिश नावाच्या भटक्या समाजाची मुलं उचलून अनाथालयांत आणि परक्या घरांत ठेवत होती. सुमारे ६०० मुलं. संस्थेच्या त्या उपक्रमाचं नाव ‘रस्त्यावरची मुलं’ असं होतं, आणि त्यासाठी लोक वर्गणी देत होते. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या समाजांना हजेरी, परवाना आणि पुढे तारांच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवायची सोय सरकारला मिळाली. चार वर्षांचं मूल गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला, म्हणून हे समाज तो विमुक्त दिन मानतात.

आणि हे सारं जुनं झालं म्हणावं तर २०१३ चा ऑक्टोबर. ग्रीसमध्ये एका रोमा जोडप्याच्या घरात सोनेरी केसांची मुलगी सापडली आणि जगभरच्या वाहिन्यांनी ‘पळवलेली मुलगी’ म्हणून तिचा फोटो फिरवला. तपासणीत ती बल्गेरियातल्या दुसऱ्या एका रोमा बाईची निघाली. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये पोलिसांनी एका रोमा घरातून अशीच सोनेरी केसांची मुलगी उचलून नेली. ती तर त्याच घरची निघाली. दोन दिवस आईबापांपासून दूर राहून परत आली. म्हणजे त्या आठवड्यात डब्लिनमध्ये रोमा कुटुंबातून एक मूल खरोखर पळवलं गेलं, ते पोलिसांनी.

जॉर्डनच्या कादंबरीत हा भाग नाही. तिथे गावकरी कुजबुजतात, टिंकर हसून सोडून देतात, आणि गोष्ट पुढे जाते. मला वाटतं त्याने इथे हात आखडता घेतला. त्याचा अन्याय फार मवाळ आहे.

आपल्याच भाषेच्या पायथ्याशी असे लोक होते हे भाच्याला मी अजून सांगितलेलं नाही. भडोचहून निघून महाराष्ट्रात आलेल्या चक्रधरांनी तेराव्या शतकात आपल्या शिष्यांना घर सोडायला सांगितलं. भिक्षा मागा, एका जागी रुतू नका, कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी झाडाखाली आयुष्य काढा, आणि कोणत्याही जिवाला इजा करू नका. लीळाचरित्रातली सशाची लीळा आठवते? पारध्यांनी पिटाळलेला ससा त्यांच्या मांडीखाली येऊन दडतो, पाठोपाठ माणसं आणि कुत्री. पारधी ससा मागतात. चक्रधर विचारतात की शरण आलेल्याला मरण असतं का, आणि बोलता बोलता त्या माणसांच्या हातातली शस्त्रं खाली येतात. मराठी गद्य इथपासून सुरू होतं. त्या परंपरेत बायका होत्या, सगळ्या जातींची माणसं होती, आणि नेमकं तेच गावांना खुपलं. आमच्या मुलीबाळींना फूस लावतात. कसलीतरी गुप्त लिपी वापरतात, मग झाकण्यासारखं काहीतरी असणारच. लिपी गुप्त करावी लागली ती पोथ्या नष्ट होऊ नयेत म्हणून, हे कोणी विचारात घेतलं नाही. पेशवाईत त्यांच्याविरुद्ध हुकूम निघाले, आणि इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत त्यांच्याबद्दलच्या ऐकीव घाणेरड्या गोष्टी छापून आल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो, तेव्हा संन्याशाला केवळ हाताशी सापडला म्हणून फाशी होते असं धरून चालतो. मला हल्ली शंका येते. चोर सापडला असता तरी गावाने संन्याशाकडे एकदा पाहिलंच असतं.

भाच्याच्या रागाकडे येते, कारण तो राग खोटा नाही. मी पहिल्यांदा ते भाग वाचले तेव्हा मलाही टिंकरांचा वैताग आला होता. ज्या गोष्टीत पानोपानी तलवारी चालतात तिथे ‘मी पळून जाईन’ म्हणणारा माणूस वाचकाच्या आणि गोष्टीच्या मध्ये येऊन बसतो. आपल्याला युद्ध हवं असतं आणि हा आपल्याकडे शांतपणे बघत असतो. जॉर्डनला हा वैताग नीट माहीत होता. १९९२ च्या चौथ्या भागात त्याने त्याचा हिशेब दोन ठिकाणी मांडला आहे, आणि माझ्या मते सगळ्या मालिकेत यापेक्षा चांगलं त्याने काही लिहिलेलं नाही.

एक हिशेब आरामचा. म्होरक्याचा नातू, नाचणारा, हसरा, थोडा फाजील पोरगा. आपली माणसं राक्षसांच्या हल्ल्यात कापली गेल्यावर तो तलवार उचलतो. वाचक म्हणून आपण त्या क्षणी अक्षरशः टाळी वाजवतो, चला, एकाला तरी अक्कल आली. त्याची आजी किंचाळते. त्यानंतर त्याची माणसं त्याला पाहत नाहीत, तो समोर उभा असला तरी. पुढच्या भागांत जॉर्डन या आरामला हळूहळू असा सडवत नेतो की आपण वाजवलेली टाळी आपल्याच कानात वाजत राहते. तलवार चालवणारे बाकीचे सगळे त्या पुस्तकात ठीक राहतात, कारण त्यांच्यामागे गाव आहे, घर आहे. आरामच्या मागे काहीच उरलेलं नसतं.

दुसरा हिशेब आइल लोकांचा. वाळवंटातले हे योद्धे टिंकरांना शिवत नाहीत, बोलत नाहीत, दिसले की वाट बदलतात. सगळ्यांना वाटतं की शूरांना भेकडांची किळस येत असेल. मग भूतकाळ उलगडत जातो आणि कळतं की आइल हेच मुळात त्या अहिंसेच्या व्रताला बांधलेले होते. कधीतरी दरोडेखोरांनी पळवलेल्या बहिणीला सोडवायला काही पोरं गेली आणि त्यांच्या हातून माणसं मेली. परत आल्यावर एका पोराला त्याची आई म्हणते, तोंड झाक, अशा चेहऱ्याचा माझा एक मुलगा होता, तो चेहरा मला खुन्यावर बघायचा नाही. आइल मारण्यापूर्वी तोंडावर फडकं घेतात ते तिथून आलेलं. इतका भेसूर योद्धा, आणि त्याच्या तोंडावरचं फडकं आईला लाज वाटली म्हणून. टिंकरांची किळस वगैरे काही नव्हती. ती नजर चुकवणं होतं.

मला या जागी नेहमी आमचं इंदूर आठवतं. राजवाड्यासमोर उभं राहून हे म्हणणं धाडसाचं आहे, पण या शहराची पाळंमुळं एका मेंढपाळ घराण्यात आहेत. मल्हारराव होळकर १६९३ साली जन्मले ते धनगराच्या घरात, नीरेकाठच्या होळ गावचे. लहानपणी खानदेशात तळोद्याला मामाकडे मेंढरं राखली. मग घोड्यावर बसले, भाला घेतला, आणि माळव्याचे सुभेदार झाले. त्यांनी मेंढरं राखली ही गोष्ट आम्ही शाळेपासून अभिमानाने सांगत आलो. फणा काढून सावली धरणाऱ्या नागासकट सांगतो. पण ती अभिमानाची झाली ती पुढे भाला आला म्हणून. नुसतीच मेंढरं राखत राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांच्या डोक्यावर कुठल्या नागाने फणा धरल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. होळकरांच्या आणि इतर सगळ्यांच्या फौजांना धान्य पुरवणारे बंजारे होते. हजारो बैलांवर गहू, मीठ लादून ते एका छावणीतून दुसरीत जायचे, दोन्ही बाजूंना विकायचे, लढायचे नाहीत, आणि त्यांच्या वाटेला सहसा कोणी जायचं नाही कारण उपाशी सैन्य कोणालाच नको होतं. १८०३ च्या युद्धात इंग्रजांचं सैन्यही त्यांच्यावर जगलं. मग आगगाडी आली, बैलांची गरज संपली, आणि काही प्रांतांत याच लोकांची नावं गुन्हेगार जमातींच्या यादीत गेली. गरज असेपर्यंत कोणाला ते चोर दिसले नव्हते.

या सगळ्यात मला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. जॉर्डनने टिंकरांना इतकं निरुपद्रवी केलं, की त्यांच्यावरचा आळ खोटा हे सिद्ध करायला वाचकाला काही कष्टच पडू नयेत. शाकाहारी, हसरे, मारलं तरी न मारणारे, कुत्रीसुद्धा न चावणारी. चांगल्या हेतूने केलं. पण त्यातून नकळत अशी अट तयार होते की फिरत्या माणसाला सहानुभूती हवी असेल तर त्याने संत असावं. गावात राहणाऱ्यांना अशी अट नाही. गावात लबाड, रागीट, दारुडे, उधारी बुडवणारे सगळे असतात आणि तरी गाव वाईट ठरत नाही. गाडीतल्या एकाने कोंबडी उचलली की सगळ्या गाड्या चोरांच्या.

रिंग रोडच्या कडेला अधूनमधून गाडिया लोहारांचे डेरे पडतात. लोखंडी पत्रे आणि पितळी खिळे ठोकलेली ती जुनी बैलगाडी, भाता, आणि बाईच्या हातातला घण. पुरुष लाल लोखंड सांडशीत धरून फिरवतो, बाई उभी राहून वर हात नेऊन घण घालते. पदर डोक्यावरून घसरत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. ही माणसं चितोड १५६८ मध्ये पडल्यापासून घरात राहायचं नाही, खाट सरळ टाकून झोपायचं नाही, दिवा लावायचा नाही असं व्रत घेऊन निघाली, अशी त्यांची सांगी आहे. १९५५ च्या एप्रिलमध्ये नेहरू स्वतः त्यांना घेऊन चितोडच्या किल्ल्यात गेले, व्रत सुटलं असं जाहीर झालं. बहुतेकांच्या गाड्या तरी फिरतच राहिल्या. हे अहिंसक अजिबात नाहीत. त्यांचे पूर्वज तलवारी घडवायचे आणि ते तसं अभिमानाने सांगतात. मी त्यांच्याकडून चिमटा घेते, विळी घेते, तो दीडशे सांगतो, मी ऐंशी म्हणते, ती बाई घण खाली ठेवून माझ्याकडे असं बघते की मी शंभर देते. आमचं शहर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण स्वच्छ रस्त्याच्या कडेला भाता मावत नाही. सर्वेक्षणाचे दिवस जवळ आले की ते दिसेनासे होतात. कुठे जातात ते मी कधी विचारलं नाही, आणि आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर ‘बरं झालं, गेले एकदाचे, मुलं बाहेर खेळतात’ असं कोणी लिहिलं की त्याला अंगठे येतात. मुलं बाहेर खेळतात! आमच्या कॉलनीतलं एकही मूल बाहेर खेळत नाही.

देपालपूरच्या बाजूला माझ्या चुलत सासऱ्यांची शेती आहे. सोयाबीन निघालं आणि गहू पेरायचा आहे, अशा मधल्या दिवसांत तिकडे राजस्थानातले रेबारी मेंढरं घेऊन उतरतात. पुढे उंट, उंटावर खाटा, भांडी, आणि खाटेच्या जाळीतून डोकं काढलेली नुकतीच जन्मलेली कोकरं. मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंड्या आणि मुताचं खत मिळतं, म्हणून काका त्यांना बोलावतात, आणि त्याचे पैसे किंवा धान्य द्यावं लागतं. गेल्या दिवाळीनंतर मी तिथे होते. काका आणि रेबाऱ्यांचा नंबरदार, म्हणजे त्यांचा म्होरक्या, बांधावर बसून भाव करत होते. दोघांनाही मजा येत होती हे लपत नव्हतं. काका मेंढरं कमी मोजत होते, नंबरदार जास्त. म्हातारा मोठा बेरकी. मध्येच ऐकू न आल्यासारखं करायचा, मध्येच उठून निघाल्यासारखं. शेवटी गहू किती आणि रोख किती ते ठरलं, चहा झाला, आणि काका घराकडे येता येता गड्याला म्हणाले, “मोटारीचं स्टार्टर काढून आत ठेव रे. आणि शेळ्या गोठ्यात घे. हे लोक आहेत तोवर जरा लक्ष असू दे.”

मी परत बांधाकडे गेले. बायका चुली मांडत होत्या, एकजण कोकरांना जाळ्याखाली कोंडत होती. तिची मुलगी, सातआठ वर्षांची असेल, माझ्या जवळ यायला लागली तर तिने हाक मारून तिला मागे बोलावलं, आणि मी परकी असल्याचं लपवायचा प्रयत्न केला नाही. नंबरदाराला मी विचारलं की कुत्री या अंगाला का बांधली, जंगल तर त्या बाजूला आहे. “जंगल से क्या लेगा कोई,” तो म्हणाला. गावाकडून रात्री लोक येतात, कोकरं उचलून नेतात, कधी मोठं जनावरसुद्धा. तक्रार केली तर ठाण्यावर आधी त्यांचंच नाव-गाव विचारतात. म्हणून कुत्री गावाच्या तोंडावर. आणि चावतात का, मी विचारलं. माझ्याकडे बघून तो पहिल्यांदा मोकळा हसला. म्हणाला, पाय पुढे करून पाहा.